तंजावरचे कुलसंमेलन : इतिहास आणि पूर्वतयारी

आपल्या समाजात कुलवृत्तांत लिहिण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली आणि तिच्या मागोमाग कुलसंमेलनांची प्रथाही आली. एका मूळपुरुषाचे वंशज दूरदूरच्या गावांहून एकत्र जमावेत, वडीलधाऱ्यांनी वंशावळीतील गाळलेल्या जागा भराव्यात, मुलांनी चुलत-चुलत भावंडांची तोंडओळख करून घ्यावी आणि कुलदैवताचा प्रसाद घेऊन सर्वांनी आपापल्या घरी परतावे, असा या संमेलनांचा साधा परिपाठ आहे. पूर्वी अशी संमेलने मूळगावी किंवा कुलदैवताच्या क्षेत्री भरत. आता मूळगावी राहते घर उरलेले नसते व क्षेत्राच्या ठिकाणी तीनचारशे माणसांची सोय होत नाही; म्हणून प्रवाशांची वर्दळ असलेल्या एखाद्या ऐतिहासिक नगरात संमेलन भरविण्याकडे कुटुंबांचा कल होऊ लागला आहे.

हा कल वाईट आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. परंतु ऐतिहासिक नगर निवडावयाचे तर त्या नगराच्या इतिहासाशी आपल्या कुळाचा काही संबंध असावा, अशी अपेक्षा मात्र रास्त आहे. संबंध नसेल तर ते संमेलन न राहता सहल होते. या दृष्टीने विचार करता आपल्या देशस्थ ज्ञातीतील अनेक घराण्यांना अत्यंत जवळचे असूनही आपण सतत विसरत आलो असे एक नगर आहे. ते म्हणजे कावेरीतीरावरील तंजावर. ज्या घराण्यांच्या शाखा दोन-तीन शतकांपूर्वी दक्षिणेत गेल्या, त्यांनी आपले पुढील संमेलन तंजावर येथे का भरवावे आणि भरवावयाचे झाल्यास कोणती तयारी करावी, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

भोसले बंधूंची भेट

तंजावरात मराठी राज्य कसे स्थापन झाले हे प्रथम पाहू. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावरच्या विजयराघव नायकाचा पाडाव केला. पुढे या दोन नायक घराण्यांच्या कलहात विजापूरच्या दरबाराने शहाजीराजांचे धाकटे पुत्र व्यंकोजीराजे यांस दक्षिणेत पाठविले आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावर त्यांच्या हाती आले. व्यंकोजी हे तुकाबाईंचे पुत्र, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू. यांनाच एकोजी असेही म्हणतात.

१६७७ मध्ये महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर असता दोघा बंधूंची कोल्लिडम नदीच्या काठी तिरुमळवाडी येथे भेट झाली. महाराजांनी वडिलांच्या दौलतीतील अर्धा वाटा मागितला. काही दिवस मुक्काम झाला. आदरातिथ्य झाले, बोलणी झाली. परंतु वाट्याचा प्रश्न सुटला नाही आणि अखेरीस व्यंकोजीराजे रातोरात निघून गेले. पुढे उभय पक्षांच्या फौजांची लढाईदेखील झाली. नंतर जो समेट झाला त्यात शहाजीराजांच्या पदरचे जुने कारभारी रघुनाथपंत हणमंते आणि व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांची कामगिरी मोठी होती. तहाच्या कलमांत बंगळूर व आसपासचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंस चोळीबांगडीसाठी म्हणून दिला. पुढे व्यंकोजी विरक्त होऊन उदास राहू लागले तेव्हा थोरल्या भावाने त्यांस कर्तव्याची आठवण देणारे पत्र लिहिले, तेही इतिहासात प्रसिद्ध आहे.

दौलतीचा प्रश्न म्हणून या प्रसंगाचा अभ्यास पुष्कळांनी केला आहे. कुटुंबाच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात आणखी एक बोध आहे. दूर राहणाऱ्या भावंडांची पहिलीच भेट वाटणीच्या बोलण्याने सुरू झाली की ती टिकत नाही. आणि तुटलेले जोडण्यास घरातील एखादी शहाणी सून व दोन्ही घरांचे मीठ खाल्लेला एखादा जुना माणूस लागतो. कुलसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत जमिनीचे, देवस्थानच्या इनामाचे वा वाड्याच्या वाट्याचे विषय आणू नयेत, हा नियम ज्यांना जाचक वाटतो त्यांनी तिरुमळवाडीची भेट आठवावी.

आपली माणसे तेथे कशी गेली

राज्य स्थिर झाले तसा दफ्तराचा कारभार वाढला. मोडी लिहिणारे कारकून, चिटणीस, फडणीस, हिशेबनीस, वैदिक, पुराणिक, वैद्य, कीर्तनकार अशी कुटुंबे महाराष्ट्रातून व कर्नाटकातून तंजावर प्रांती गेली. समर्थ संप्रदायाचे मठ तेथे पूर्वीच स्थापन झाले होते. शहाजीराजे दुसरे (१६८४-१७१२) हे स्वतः विद्वान व ग्रंथकर्ते होते. त्यांनी १६९३ मध्ये कुंभकोणमजवळील तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक पंडितांस अग्रहार म्हणून दिले. या दरबारात तेलुगू, तमिळ, संस्कृत व मराठी अशा चारही भाषांत नाटके रचली गेली. मराठी नाटकाच्या आरंभाचा विचार करताना तंजावरी नाटकांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, ही गोष्ट आपल्या तरुण पिढीस सांगितली पाहिजे.

मात्र हा सारा काळ सुखाचा होता असे समजू नये. गादीसाठी भाऊबंदकी झाली. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या साह्याने तंजावर घेतले व तुळजाराजांस कैद केले. १७७६ मध्ये त्यांस राज्य परत मिळाले. १७८१ मध्ये हैदरअलीच्या फौजेने कावेरीचा सुपीक प्रदेश उजाड केला. या संकटांत रयतेवर सारेच ओझे पडले आणि ती रयत तमिळ होती. आपण तेथे पूर्वजांचा गौरव करण्यास जाऊ तेव्हा, ज्या भूमीच्या धान्यावर ते पूर्वज पोसले गेले त्या भूमीच्या लेकरांचेही ऋण आपल्या बोलण्यात यावयास हवे.

१७९९ च्या तहाने सरफोजीराजे दुसरे यांनी मुलकी कारभार इंग्रजांच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे किल्ला राहिला आणि महसुलाच्या पाचव्या हिश्श्याखेरीज वार्षिक एक लाख होनांची नेमणूक राहिली. राज्य गेलेल्या या राजाने उरलेली हयात (१८३२ पर्यंत) विद्येच्या सेवेत घालविली. श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली ते शिकले होते. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करविले आणि १८०५ च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना घातला. त्या छापखान्यात १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले गेले. पुण्यात अजून पेशवाई असताना मुलांसाठी मराठी पुस्तक तंजावरात छापले जात होते, हे शाळामास्तरांनी तरी विसरू नये.

सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रहीन वारले आणि इंग्रजांनी संस्थान खालसा केले. दरबारावर अवलंबून असलेली शेकडो मराठी कुटुंबे त्या वेळी पांगली. कित्येकांनी इंग्रजी शिकून मद्रास इलाख्याच्या नोकरीत नाव काढले. १८२८ मध्ये कुंभकोणम येथे जन्मलेले सर टी. माधवराव हे त्यांतील अग्रगण्य. त्यांनी त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या अल्पवयात कारभार पाहणारे दिवाण ते हेच. दक्षिणेत वाढलेला एक मराठी माणूस गुजरातेत मराठी राजाचे संस्थान सावरतो, ही घटना आपल्या शाखांचा विस्तार केवढा झाला होता याची साक्ष आहे.

छत्रांची व्यवस्था

आता संमेलनाशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या विषयाकडे वळू. तीनचारशे माणसे परगावी नेऊन त्यांना उतरविणे, जेवू घालणे, आजाऱ्यांची काळजी घेणे आणि सुखरूप परत पाठविणे हे काम अवघड खरे. परंतु तंजावरच्या मराठी राजांनी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. काशीहून रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंचा मार्ग त्यांच्या राज्यातून जात असे. त्या मार्गावर त्यांनी छत्रे बांधली. छत्र म्हणजे धर्मशाळा व अन्नछत्र दोन्ही. त्यांची नावे बहुधा राजकुलातील स्त्रियांवरून ठेवली गेली : नीडामंगलम येथील यमुनांबापुरम हे एक व ओरत्तनाडू येथील मुक्तांबापुरम हे दुसरे. मुक्तांबापुरमचे छत्र सरफोजीराजांनी आपली प्रिय सहचरी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ १८०२ मध्ये उभारले. तिची तशी अंतिम इच्छा होती असे सांगतात. तंजावरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेली ही वास्तू आजही पाहावयास मिळते. तेथील शिल्पकाम व रथाच्या आकाराचा भाग विशेष प्रेक्षणीय आहे.

कारभार इंग्रजांकडे गेल्यावर छत्रांचे उत्पन्न आपल्या हाती राहावे यासाठी सरफोजीराजांनी मोठा आग्रह धरला. १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांच्या कार्याचे वर्णन केले आहे. त्याचा आशय असा की, येणाऱ्या वाटसरूस, तो कोणत्याही जातीचा असो, शिजविलेले अन्न वा शिधा मिळतो. आजारी पडल्यास वैद्य व पथ्यपाणी मिळते. बाळंतिणीची काळजी घेतली जाते. पोरक्या मुलांचा सांभाळ होतो. आणि विद्यार्थ्यांस शिक्षण दिले जाते. राज्य सोडताना ज्या राजाने छत्रांसाठी शब्द टाकला, त्याच्या मनाचा मोठेपणा यात दिसतो. पंक्ती त्या काळाच्या रीतीप्रमाणे वेगवेगळ्या होत्या, हेही खरेच आहे. ती रीत आज आपल्यास नको. पण दारी आलेल्या कोणासही उपाशी न पाठविण्याचा नियम मात्र हवा. आपल्या ज्ञातीच्या संमेलनात स्वयंपाकी, गाडीवान, वाटाडे, सफाई करणारे यांची पाने आपल्यासारखीच व आपल्याबरोबर वाढली जावीत, असे यावरून सुचवावेसे वाटते.

मोठ्या मेळ्याच्या प्रवासाचे उदाहरणही याच राजाने घालून दिले आहे. १८२० मध्ये सरफोजीराजे काशीयात्रेस निघाले, तेव्हा त्यांच्यासमवेत सुमारे तीन हजार माणसे होती. आगगाडी नसलेल्या त्या काळी एवढा समुदाय दक्षिणेच्या टोकापासून गंगेपर्यंत गेला व परत आला. वाटेत त्यांनी ग्रंथ जमविले, काशीच्या घाटांची चित्रे काढविली, आणि त्या यात्रेवर ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ रचल्या गेल्या. त्या पुढे ग्रंथालयाने प्रसिद्ध केल्या आहेत. प्रवासाची टिपणे राहिली म्हणून दोनशे वर्षांनी आपण त्या यात्रेबद्दल बोलू शकतो. आपल्या संमेलनांची मात्र केवळ छायाचित्रे राहतात, आणि त्यांतील माणसांची नावे दहा वर्षांनी कोणास सांगता येत नाहीत.

तिकडेच का जावे

कोणी म्हणेल, एवढ्या दूर जाण्यापेक्षा दाक्षिणात्य शाखांनीच इकडे यावे. आजवर आपण असेच करीत आलो. त्याचा परिणाम काय झाला तो स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. तंजावरकडची मंडळी संमेलनास येतात, तेव्हा त्यांची मराठी ऐकून आपली मुले हसतात. त्यांच्या बोलीत अडीचतीनशे वर्षांपूर्वीची रूपे टिकून आहेत व तमिळ शब्दही मिसळले आहेत. घरात ती बोली आणि दारात तमिळ, अशा स्थितीत शाळेचा आधार नसताना इतक्या पिढ्या ज्यांनी मराठी जतन केली, त्यांच्या भाषेस आपण अशुद्ध म्हणतो! मुंबई-पुण्याच्या शाळांत शिकलेल्या आपल्या नातवंडांची मराठी पुढील अडीचशे वर्षे कितपत टिकेल, याचा विचार करून मग हा शब्द वापरावा.

दुसरी अडचण नावांची. दक्षिणेच्या रीतीप्रमाणे त्यांनी गावाचे व पित्याचे आद्याक्षर नावापुढे लावले, अखेरीस ‘राव’ जोडले, आणि आडनाव मागे पडले. आपल्या वंशावळीत त्यांच्या शाखेपुढे ‘दक्षिणेत गेले, पुढील माहिती नाही’ एवढाच शेरा असतो. हा शेरा अनेक कुलवृत्तांतांत वर्षानुवर्षे तसाच छापला जात आहे. ज्यांच्याविषयी असे छापले जाते ती माणसे जिवंत आहेत, नांदती आहेत, गोत्र व कुलदैवत सांगतात, मंगलकार्यात मराठी गाणी म्हणतात. त्यांच्या घरी जाऊन माहिती घेणे कोणी केले नाही, एवढाच त्याचा अर्थ. वृद्धांच्या स्मरणात जे आहे ते त्यांच्याबरोबर जाणार. आणि त्या वृद्धांना सहाशे कोसांचा प्रवास सांगण्यापेक्षा आपणच तिकडे जाणे न्यायाचे आहे.

तिसरी गोष्ट कागदांची. सरस्वती महालात सुमारे एकोणपन्नास हजार हस्तलिखिते व ग्रंथ आहेत; त्यांत मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक आहेत. १९१८ मध्ये हे ग्रंथालय लोकांस खुले झाले. त्याशिवाय मोडीतील दरबारी कागदांची शेकडो रुमाल-बाडे आहेत. त्या कागदांत दरमहा कोणास काय वेतन दिले, कोणाच्या मुलाच्या मुंजीस काय अहेर केला, कोणास छत्रात कोणते काम सांगितले अशा गोष्टी नमूद असतात, म्हणजे ज्या माहितीवाचून आपले कुलवृत्तांत अडले आहेत तीच माहिती तेथे असण्याचा संभव आहे. या मोडी कागदांपैकी निवडक कागदांचा तमिळ अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये प्रकाशित केला. तमिळ विद्वानांनी मोडी शिकून आपल्या पूर्वजांचे कागद वाचले आणि आपल्या घरांत मोडी वाचणारा माणूस उरला नाही, ही स्थिती त्यांच्या गौरवाची व आपल्या चिंतेची आहे.

काळ, निवास व भोजन

आता प्रत्यक्ष तयारीविषयी. तंजावरास पाऊस मुख्यतः ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. आपल्याकडील दिवाळीच्या सुटीत संमेलन ठरविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. नाही तर मंडप पाण्यात उभा राहील. एप्रिल-मे मध्ये उष्मा असह्य असतो. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही मध्य जानेवारीत पोंगल असतो व पौष वद्य पंचमीस जवळच्या तिरुवैयारू येथे त्यागराजांची आराधना होते. त्या दिवसांत सर्व निवासस्थाने भरलेली असतात. संगीताची आवड असलेल्यांना आराधनेचा लाभ मिळावा असे वाटल्यास एक वर्ष अगोदर जागा ठरवाव्यात. तसे नसल्यास हे दिवस टाळावेत. कुंभकोणमचा महामहम उत्सव बारा वर्षांनी येतो. तो २०१६ मध्ये झाला, पुढील २०२८ मध्ये आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या भागात संमेलन घेण्याचा विचारही करू नये.

तंजावर हे रेल्वेचे मोठे स्थानक आहे. विमानाने येणाऱ्यांस तिरुचिरापल्ली सोयीचे. तेथून तंजावर सुमारे साठ किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांची तिकिटे एकाच माणसाने काढण्याचा हट्ट न धरता प्रत्येक शहरासाठी एक गटप्रमुख नेमावा. त्याच्याकडे आपल्या गटातील प्रत्येकाचे नाव, वय, घरचा पत्ता, चालू औषधे व पथ्य यांची यादी असावी. तीनचारशे माणसांस एकाच ठिकाणी उतरविण्याचा मोह टाळावा. मंगल कार्यालय एक घ्यावे, तेथे दोन्ही वेळची पंगत व सभा व्हावी. निवास मात्र आसपासच्या चारपाच ठिकाणी विभागावा. वृद्धांना व लेकुरवाळ्यांना कार्यालयाच्या सर्वांत जवळची जागा द्यावी. तरुणांनी दूर राहावे. खर्चाचा हिशेब संमेलनाच्या अखेरच्या सभेतच वाचून दाखवावा. तो पुढील वर्षावर टाकल्याने कित्येक कुळांत अबोले झाले आहेत.

भोजनाच्या बाबतीत आपल्याकडून आचारी नेऊ नयेत. तंजावरी मराठी घरांच्या स्वयंपाकास स्वतःची परंपरा आहे. सरस्वती महालातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा ग्रंथ त्या राजवाड्यातील पाककृतींचाच आहे. सांबार हा पदार्थ संभाजीराजांच्या नावावरून निघाला अशी कथा तेथे सांगतात. ती इतिहास म्हणून न घेता प्रेमाने सांगितलेली गोष्ट म्हणून ऐकावी. एका वेळची पंगत तेथील भगिनींनी सुचविलेल्या पदार्थांची व एका वेळची आपल्याकडील पुरणावरणाची, असे ठेवल्यास दोन्ही बाजूंचा मान राहील.

तीन दिवसांचा क्रम

पहिला दिवस ओळखीचा असावा. प्रत्येक कुटुंबाकडून संमेलनापूर्वी सहा महिने एक पत्रक भरून घ्यावे. त्यात गोत्र, शाखा, कुलदैवत, मूळगाव, ज्ञात असलेले सर्वांत जुने नाव, आणि घरात असलेले जुने कागद, पोथ्या वा भांड्यांवरील नावे यांची नोंद असावी. हे पत्रक मराठी व तमिळ दोन्ही लिपींत छापावे. त्यावरून तयार केलेली वंशावळ मोठ्या कापडावर लिहून सभास्थानी टांगावी व खाली रिकामी जागा सोडावी. जे नाते ठरेल ते दोन वडीलधाऱ्यांच्या साक्षीने तेथेच लिहावे. जे ठरणार नाही ते पेन्सिलीने लिहावे. केवळ नामसादृश्यावरून शाखा जोडणे हा वंशावळीतील सर्वांत मोठा दोष आहे.

दुसऱ्या दिवशी बृहदीश्वराचे दर्शन. राजराज चोळाने बांधलेले हे देवालय १०१० मध्ये पूर्ण झाले आणि १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता पावले. सुमारे दोनशे फूट उंचीचे विमान पाहून कोणीही स्तिमित होईल. परंतु आपण तेथे आणखी एक गोष्ट पाहावयाची आहे. प्राकाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी कोरविलेला भोसले वंशाचा इतिहास देवनागरी मराठीत आहे. राजाचे चिटणीस बाबूराव यांनी तो रचला. एवढा विस्तृत मराठी शिलालेख दुसरा क्वचितच असेल. एका राजाने आपल्या कुळाची कथा दगडावर, तीही आठशे वर्षांपूर्वीच्या चोळांच्या देवालयात कोरून ठेवावी, हा खरोखर एक कुलवृत्तांतच होय. त्यातील जुन्या काळच्या कथांस इतिहासाचा पुरावा मानता येणार नाही. परंतु राज्य हातचे गेल्यानंतर चारच वर्षांत त्याला हा लेख कोरवावासा वाटला, यातील भावना आपल्यास कळण्याजोगी आहे.

दर्शनास चारशे माणसे एकदम नेऊ नयेत. चाळीस-चाळीसांचे गट करून सकाळी लवकर व सायंकाळी जावे. दुपारी देवालय बंद असते आणि अनवाणी चालताना प्रांगणातील दगड तापलेले असतात. वृद्धांना त्या वेळी नेणे म्हणजे त्यांचा छळ होय. हे देवालय जिवंत पूजास्थान आहे. तेथे रोज येणारा स्थानिक भाविक आपल्या गर्दीमुळे मागे हटता कामा नये. राजवाडा, दरबार महाल व सरस्वती महालाचे संग्रहदालन त्याच दिवशी दोन तुकड्यांत पाहावे. साप्ताहिक सुटीचा दिवस आधी विचारून घ्यावा. हस्तलिखिते पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी समूहाने न जाता दोनतीन अभ्यासू माणसे नेमून, पूर्वपरवानगीने, संमेलनापूर्वी वा नंतर जावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओरत्तनाडूचे छत्र किंवा तिरुवैयारूची त्यागराजांची समाधी, ज्यांना जे रुचेल ते. आणि दुपारी समारोप. समारोपाची भाषणे थोडकी असावीत व त्यांतील निम्मी तंजावरी मराठीत व्हावीत. प्रत्येक कुटुंबाने घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचे अर्ध्या तासाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून समितीस द्यावे. पाळणे, मंगळागौरीची गाणी, म्हणी, औषधाच्या रीती, नात्यांच्या हाका हे सारे तिच्या आवाजात राहू द्यावे. हे मुद्रण कोणी सुधारून लिहू नये.

समारोपाचा विचार

या सर्व खटपटीचे फळ काय, असे विचारणारे प्रत्येक सभेत असतात. त्यांना उत्तर असे की, कुळ हे रक्ताने आपोआप टिकत नाही; ते येण्याजाण्याने टिकते. भोसले बंधूंचे रक्त एकच होते, तरीही एक भेट फसल्यावर समेटासाठी माणसांना झिजावे लागले. आपल्या शाखांत तर भांडणही नाही, केवळ अंतर आहे. भांडण मिटविण्यास दीपाबाईंसारखी योग्यता लागते. अंतर मिटविण्यास रेल्वेचे तिकीट पुरते.

यास्तव मंडळाच्या कार्यकारिणीस तीन विनंत्या आहेत. पहिली, ज्या कुळांच्या शाखा दक्षिणेत असल्याचे ठाऊक आहे त्यांची यादी पुढील स्मरणिकेत प्रसिद्ध करावी आणि ‘पुढील माहिती नाही’ हा शेरा यापुढे ‘शोध चालू आहे’ असा बदलावा. दुसरी, मंडळाच्या वतीने मोडी लिपीचा वर्ग चालवावा व त्यात दरवर्षी निदान पाच तरुण तयार करावेत. त्यांनाच पुढे तंजावरी कागदांच्या अभ्यासासाठी साह्य द्यावे. तिसरी, संमेलनाच्या आयोजन समितीत निम्मे सभासद तंजावर, कुंभकोणम व चेन्नई येथील असावेत आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे असावे. तेथे आपण पाहुणे आहोत; यजमान ते आहेत.

दोनशे वर्षांपूर्वी त्या मार्गावरून जाणाऱ्या कोणाही यात्रेकरूस मराठी राजाच्या छत्रात पानावर अन्न मिळत असे. त्या छत्रांचे हिशेब लिहिणाऱ्यांचे वंशज आज आपल्या पत्राची वाट पाहत आहेत. त्यांना पत्र लिहिण्याचे काम या वर्षीच सुरू व्हावे, अशी सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे.